शोधनिबंधाचे गणगोत



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या महाविद्यालयाजवळच्या एका शाळेने विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीसाठी मला बोलावले होते. बुलढाणा जिल्ह्यातील शाळा म्हटली की निदान एक प्रतिकृती लोणार सरोवराची असायचीच. नववीतील एका मुलीने प्लास्टर ऑफ पॅरिसचे विवर सुरेख बनवले होते. शेजारच्या तक्त्यावर मात्र तिने विवराच्या वयाचे दोन आकडे लिहिले होते : ५२,००० वर्षे आणि ५,७०,००० वर्षे. दोन्ही तिला वडिलांच्या मोबाइलवर सापडले होते. मी म्हणालो, "बेटा, परीक्षकांना घोळ आवडत नाही. पुस्तकातला आकडा ठेव, दुसरा झाकून टाक." तिने मुकाट्याने दुसऱ्या आकड्यावर पांढरा कागद चिकटवला.

प्रदर्शनाच्या दिवशी एका वृद्ध गृहस्थांनी तिला विचारले, "बावन्न हजार वर्षे हे कुणी मोजले, पोरी? आणि कसे मोजले?" तिने माझ्याकडे पाहिले. मी भौतिकीचा अधिव्याख्याता. पण उत्तर मलाही येत नव्हते. ज्या आकड्यावर मी कागद चिकटवायला लावला होता, त्याबद्दलही मला काही ठाऊक नव्हते. त्या रात्री मी इंटरनेटवरील शोधनिबंधांच्या भांडारांत शिरलो. तेव्हापासून माझे असे ठाम मत झाले आहे की, विज्ञानातील आकडा पाठ करण्याइतकेच त्या आकड्याचे गणगोत कसे शोधावे हे शाळेत शिकवले पाहिजे. ते कसे शोधतात आणि त्यात कुठे फसायला होते, हे आज आपण लोणारच्याच उदाहरणाने पाहू या.

आधी वाडवडील

शोधनिबंध म्हणजे काय? एखाद्या संशोधकाने आपण काय केले, कसे केले आणि त्यातून काय निघाले, हे इतरांना तपासता येईल अशा रीतीने लिहिलेला लेख. त्याच्या शेवटी एक संदर्भसूची असते. आपल्यापैकी बहुतेक जण ती वाचतच नाहीत. लग्नपत्रिकेच्या तळाशी बारीक टाइपात छापलेल्या नावांसारखी ती आपल्याला वाटते. वास्तविक तिथेच त्या निबंधाचे वाडवडील बसलेले असतात.

उदाहरण घ्या. १९७३ साली अमेरिकेतील 'सायन्स' या साप्ताहिकात फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् या चौघांचा लोणारवरील निबंध प्रसिद्ध झाला. विवराच्या तळाला छिद्रे पाडून काढलेल्या आणि काठावरच्या चरांतून मिळालेल्या खडकांत त्यांना प्रचंड आघाताच्या खुणा सापडल्या होत्या. साध्या ज्वालामुखीत अशा खुणा उमटत नाहीत. लोणार हे अशनीच्या आघाताने झालेले विवर आहे, हे त्या निबंधाने सिद्ध केले. पण ही कल्पना काही त्याच दिवशी आकाशातून पडली नव्हती. मागे गेलात तर १९६४ साली लाफाँड आणि डिएट्झ यांनी 'मेटिऑरिटिक्स' या नियतकालिकात लिहिलेला निबंध भेटतो. त्याच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह होते : हे अशनीचे विवर असेल का? आणखी मागे ज्वालामुखीचा पक्ष मांडणारे लोक भेटतात. सूचीतून सूचीकडे असे मागे मागे जात राहिलात, तर प्रश्न कसा वळत गेला हे दिसते. १९६४ चे प्रश्नचिन्ह १९७३ मध्ये पुसले गेले. त्यासाठी मधली ९ वर्षे कुणीतरी खडक फोडत होते.

मग मुले-नातवंडे

मागे जाण्याचा मार्ग सोपा आहे, कारण वाडवडिलांची नावे निबंधातच छापलेली असतात. पण १९७३ च्या निबंधाला पुढे काय घडणार हे कसे ठाऊक असणार? तो निबंध तेव्हाच्या माहितीप्रमाणे म्हणतो की, बेसाल्ट खडकात अशनीच्या आघाताने झालेले हे पृथ्वीवरचे एकमेव ज्ञात विवर आहे. आजही आपण भाषणांतून 'जगातील एकमेव' असे अभिमानाने सांगतो. परंतु त्यानंतर ब्राझीलमधील बेसाल्टात व्हार्झाऊँ आणि व्हिस्ता आलेग्रे ही आघाताची विवरे ओळखली गेली आहेत. १९७३ चे लेखक चुकले नव्हते. चुकतो आहोत आपण, कारण आपण त्यांच्या पुढच्या पिढ्यांकडे पाहिलेच नाही. लोणारचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. चंद्रावरची पुष्कळ विवरेही बेसाल्टात आहेत आणि त्यांच्याशी ताडून पाहण्यासाठी लोणार आजही एक उत्तम जागा आहे.

पुढच्या पिढ्या शोधण्याची युक्ती प्रथम वकिलांच्या कामातून आली. न्यायालयात जुन्या निकालाचा दाखला देण्यापूर्वी वकिलाला एक गोष्ट पाहावी लागते : तो निकाल पुढे वरच्या न्यायालयाने फिरवला तर नाही ना? अमेरिकेत फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ पासून, कोणत्या निकालाचा उल्लेख पुढे कोणकोणत्या निकालांत आला, याच्या याद्या छापायला सुरुवात केली. यूजीन गारफील्ड यांनी हीच कल्पना विज्ञानाला लावली आणि १९६४ साली 'सायन्स सायटेशन इंडेक्स' ही सूची बाजारात आणली. तिचे जाडजूड खंड विकत घेणे लहान गावच्या ग्रंथालयाच्या आवाक्याबाहेरचे होते. आज तेच काम मोबाइलवर फुकट होते. २००४ साली सुरू झालेल्या 'गूगल स्कॉलर'मध्ये प्रत्येक निबंधाखाली, तो पुढे किती जणांनी उद्धृत केला याचा आकडा असतो. त्यावर बोट ठेवले की त्या सर्वांची यादी उघडते. या सेवेच्या दोन निर्मात्यांपैकी एक, अनुराग आचार्य, हे खरगपूरच्या आय. आय. टी.चे विद्यार्थी आहेत.

आणि चुलत-मावस भावंडे

वाडवडील झाले, मुले-नातवंडे झाली. आता भावंडे. निबंधाच्या पानावर 'संबंधित लेख' अशी एक यादी पुष्कळदा दिसते. यंत्राला हा संबंध कसा कळतो? त्याला मजकूर तुमच्या-आमच्यासारखा समजत नाही. ते मुख्यतः तीन गोष्टी मोजते.

पहिली : दोन निबंधांच्या संदर्भसूचींत किती नावे सामाईक आहेत? एकाच आजोबांची नातवंडे जशी चुलत भावंडे, तसे हे. ही मोजणी केसलर यांनी १९६३ साली सुचवली. दुसरी : पुढच्या किती लेखकांनी या दोघांना एकाच निबंधात उद्धृत केले? ज्या दोन घरांना गावातील प्रत्येक लग्नाचे आमंत्रण बरोबरच जाते, त्यांचे काहीतरी नाते असणारच. ही मोजणी हेन्री स्मॉल यांनी १९७३ साली मांडली. म्हणजे लोणारचा तो निबंध आला त्याच वर्षी. तिसरी गोष्ट म्हणजे शब्दांचे साम्य. दोन निबंधांत तेच विशेष शब्द वारंवार येत असतील, तर यंत्र त्यांना शेजारी बसवते. आजची यंत्रे यात बरीच तरबेज झाली आहेत; शब्द वेगळे असले तरी अर्थ जवळचा आहे, असाही अंदाज ती बांधतात.

यंत्रे येण्यापूर्वी हे काम ग्रंथपाल करत. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवणारे एस. आर. रंगनाथन पुढे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. हव्या त्या पुस्तकाच्या दोन्ही बाजूंना त्याच्याशी जवळचे नाते असणारी पुस्तके असावीत आणि दूर जावे तसे नाते विरळ होत जावे, अशी मांडणी त्यांना अभिप्रेत होती. कपाटासमोर उभे राहून शेजारचे पुस्तक चाळणाऱ्याला जे मिळते, तेच 'संबंधित लेख' या यादीतून मिळावे, अशी अपेक्षा आहे.

चार घड्याळे, चार वेळा

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. ५२,००० हा आकडा कुणाचा? देवाशिष सेनगुप्ता, नरेंद्र भंडारी आणि वातानाबे या तिघांचा, १९९७ सालचा. आघाताने वितळून झालेल्या काचेचे कण तापवले की ते मंद प्रकाश देतात. शेवटचे तापल्यापासून कणांत किती ऊर्जा साठली आहे, हे त्यावरून कळते आणि त्यातून काळ काढता येतो. त्यांचे उत्तर होते ५२,०००, सुमारे ६,००० वर्षे इकडे किंवा तिकडे. गंमत पाहा, आपल्या घराशेजारच्या तळ्याचे हे वय ब्राझीलच्या एका नियतकालिकात छापले गेले होते!

या निबंधाच्या पुढच्या पिढ्या पाहत गेलो तेव्हा २००४ सालचा एक लहान वृत्तांत सापडला. त्यात श्टोर्त्सर आणि केबर्ल यांनी काचेतील युरेनियमचे अणू फुटून उमटलेले सूक्ष्म ओरखडे मोजले होते. उत्तर आले १५,००० वर्षे, पण १३,००० इकडेतिकडे. म्हणजे अनिश्चितता जवळजवळ आकड्याएवढीच! २०११ साली जूर्दां आणि सहकाऱ्यांचा निबंध 'जिऑलॉजी'मध्ये आला. त्यांनी आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून वय काढले : ५,७०,००० वर्षे, ४७,००० इकडेतिकडे. झाकलेल्या कागदाखालचा आकडा हाच.

इथेच थांबलो असतो, तर मी दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन सांगितले असते की, जुना आकडा चूक आणि नवा बरोबर. पण २०११ च्या निबंधाची मुले-नातवंडे पाहिली, तर २०१४ साली जपानी संशोधकांचा पुढाकार असलेल्या एका गटाने विश्वकिरणांमुळे खडकात तयार होणाऱ्या बेरिलियम आणि ॲल्युमिनियमच्या समस्थानिकांवरून सुमारे ३७,५०० वर्षे हे वय दिलेले आढळते. घोडे पुन्हा हजारांवर आले!

या सर्वांपैकी खोटे कुणीच बोलत नाही. प्रत्येकाचे घड्याळ वेगळे आहे आणि प्रत्येक घड्याळाची खोडही वेगळी आहे. ज्या बेसाल्टात विवर झाले तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आघाताच्या वेळी त्यातील जुना आर्गॉन पुरता निघून गेला नसेल, तर आर्गॉनचे घड्याळ वय जास्त दाखवील; ही शक्यता त्या लेखकांनी विचारात घेतलेली आहे. उलट पृष्ठभागाची झीज झाली असेल, तर विश्वकिरणांचे घड्याळ वय कमी दाखवील. युरेनियमचे ओरखडे उष्णतेने पुसट होतात, म्हणजे तेही कमीकडेच झुकेल. थोरल्या आणि धाकट्या आकड्यांत दहा पटींहून अधिक अंतर आहे आणि ते मिटवण्याचे काम बाकी आहे. मित्रहो, हे काम कदाचित तुमच्यापैकीच कुणाची तरी वाट पाहत असेल. 'वय ५२,००० वर्षे' एवढेच पाठ करणाऱ्याला मात्र असे काही काम शिल्लक आहे, याचा पत्ताही लागणार नाही.

यंत्र काय सांगत नाही

यंत्राने दिलेली यादी उपयोगी आहे, पण ती पंच नव्हे. तिच्या तीन खोडी मी स्वतः अनुभवल्या आहेत.

एक, ती नाते सांगते, भांडण सांगत नाही. दोन निबंध शेजारी दिसले म्हणजे ते एकमेकांना पाठिंबा देतात असे नाही. एक दुसऱ्याला खोडून काढत असू शकतो. ते वाचूनच कळते.

दोन, ज्याला पुष्कळांनी उद्धृत केले तो निबंध वर येतो. म्हणून त्याला आणखी लोक पाहतात आणि तो आणखी वर जातो. छोट्या किंवा परभाषी नियतकालिकातील काम खाली राहते. आपल्या तळ्याचा १९९७ चा निबंध ब्राझीलमध्ये छापला गेला होता, हे विसरू नका. पहिल्या पानावर थांबू नये, ते याचसाठी.

तीन, शब्दांचा घोळ. इंग्रजीत 'लोनार' लिहिताना एक अक्षर चुकले की 'लुनार' होते आणि चंद्राविषयीचे निबंध समोर येतात. जुन्या इंग्रजी ग्रंथांत आपल्या जिल्ह्याच्या नावात 'ढ'साठीचा 'एच' नसे आणि आपला प्रांत 'बेरार' होता. तेव्हा एकच गोष्ट तीन-चार प्रकारे लिहून शोधावी. आणि विषयही नेमका सांगावा. नुसते 'लोणार' म्हटले तर भूशास्त्र, क्षारयुक्त पाणी, शेवाळे, जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हाचे सूक्ष्मजीव, असे सारे एकदम अंगावर येते.

आणखी एक धोका अलीकडचा आहे. प्रश्न विचारताच उत्तर लिहून देणारी यंत्रे आता हातोहाती आहेत. ती कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या निबंधाचे नाव, लेखक आणि वर्ष अगदी ऐटीत सांगतात. म्हणून नियम करा : जो निबंध, निदान त्याचा सारांश, तुम्ही स्वतः उघडून पाहिला नाही, त्याचे नाव तुमच्या तक्त्यावर येता कामा नये.

'पण सर, हे आम्हाला कसे जमणार?'

दोन शंका हमखास येतात. पहिली पैशाची. पुष्कळ नियतकालिके वाचायला भारी पैसे लागतात, हे खरे आहे. 'एक राष्ट्र, एक सदस्यता' ही केंद्र सरकारची योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. पण ती शासकीय उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी आहे, शाळांसाठी नाही. ती शाळांपर्यंत आली पाहिजे असे मला वाटते. तोवर फुकट मिळणारेही पुष्कळ आहे. निबंधाचा सारांश बहुतेक ठिकाणी खुला असतो. 'मेटिऑरिटिक्स'चे जुने अंक नासाच्या खगोलभौतिकी माहितीसंग्रहात पानोपानी उघडे आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीची नियतकालिके, पीएच. डी.चे प्रबंध जपणारे 'शोधगंगा' हे भांडार, आणि पॉल गिन्स्पार्ग यांनी १९९१ साली सुरू केलेले भौतिकी व गणिताचे 'आर्काइव्ह' हे सर्वांना खुले आहे. 'आर्काइव्ह'वरील निबंध तज्ज्ञांनी तपासण्याआधीच तिथे येतो, एवढे मात्र ध्यानात ठेवा.

दुसरी शंका इंग्रजीची. ती मी हसण्यावारी नेणार नाही. खुद्द मलाही पहिला निबंध वाचायला तीन संध्याकाळी लागल्या. पण सगळा निबंध वाचायचाच नसतो. शीर्षक, सारांश, एखादी आकृती आणि शेवटचा परिच्छेद, एवढे शिक्षकांच्या मदतीने वर्गात वाचता येते. एका निबंधासाठी दोन तासिका पुरतात.

कुणी म्हणेल, परीक्षेत एकच उत्तर लागते, मग मुलांच्या डोक्यात हा गोंधळ कशाला? मी स्वतः हेच म्हणालो होतो, म्हणून या मताचा मला राग येत नाही. परीक्षेत पुस्तकातील उत्तर अवश्य लिहा. पण तपासून पाहण्याची सवय शाळेत लागली नाही, तर ती पुढे लागणे कठीण. औषधाची, बियाण्याची, खताची, पाण्याची किती विधाने 'संशोधनाने सिद्ध झाले आहे' म्हणून आपल्या दारात येतात! तेव्हा विचारायचे प्रश्न तेच आहेत : कुणी म्हटले? केव्हा? कशावरून? आणि त्यानंतर दुसऱ्यांना काय आढळले?

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक सूचना आहे. या वर्षीच्या प्रदर्शनात प्रत्येक महत्त्वाच्या आकड्याखाली तीन ओळी लिहून घ्या : हा कुणी काढला आणि कोणत्या साली, कोणत्या रीतीने काढला, आणि पुढे कुणाला वेगळे आढळले काय. तिसरी ओळ कोरी राहिली तरी चालेल, पण ती शोधून कोरी राहिलेली असावी. आणि परीक्षकांनो, दोन आकडे लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापण्यापूर्वी त्याला त्याच्या तिसऱ्या ओळीविषयी विचारा.

ती मुलगी पुढे आमच्याच महाविद्यालयात अकरावी विज्ञानाला आली. तो कागद चिकटवायला लावला ही माझी चूक होती, हे मी तिला वर्गासमोर सांगितले. ती म्हणाली, "सर, तो कागद मी प्रदर्शन संपल्यावर लगेच काढला होता." तिच्या तक्त्यावर आता चार आकडे आहेत आणि चौथ्याखाली तिने पाचव्यासाठी जागा मोकळी सोडली आहे.